मागणीनुसार जुळवलेल्या सायकलीसाठी यांत्रिक डिस्क ब्रेक व लिव्हर यांची निवड : सोलापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

सुटे भाग स्वतंत्रपणे विकत घेऊन स्वतःच्या गरजेप्रमाणे सायकल जुळवून घेण्याची प्रवृत्ती गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील शहरांत रुजली आहे. अशा सायकलीत डिस्क ब्रेक बसवताना ग्राहक प्रामुख्याने कॅलिपरची किंमत व नाममुद्रा पाहतो. लिव्हर मात्र हँडलबरोबर जो येईल तो स्वीकारतो. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की लिव्हर, केबल, कॅलिपर व डिस्क ही एकच तरफमालिका आहे, आणि लिव्हर व कॅलिपर यांची केबल-ओढ जुळत नसल्यास उत्तम प्रतीचे भागही धोकादायक ठरतात. सोलापूर परिसरातील रस्ते, माती, हवामान व दुरुस्तीच्या सोयी लक्षात घेऊन निवडीचा एक क्रम शेवटी सुचवला आहे.

बीजसंज्ञा : यांत्रिक डिस्क ब्रेक, लिव्हर, केबल-ओढ, यांत्रिक फायदा, कॅलिपर, सायकल

१. प्रस्तावना

सोलापूर हे कापड गिरण्यांचे आणि यंत्रमागांचे शहर. या शहरातील कामगारवर्गाच्या कित्येक पिढ्या सायकलवर वाढल्या. त्या काळची काळी, चोवीस किंवा बावीस इंची सायकल दुकानातून पूर्ण बांधून येत असे. तिचे ब्रेक लोखंडी सळ्यांनी ओढले जात आणि रबराचे तुकडे रिमच्या आतल्या बाजूवर दाबले जात. कारखान्याने जे दिले ते चालवायचे, एवढाच व्यवहार होता. लिव्हर कोणता आणि ब्रेक कोणता, असा प्रश्न ग्राहकापुढे कधी आलाच नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा दोघांच्या संघात पूर्ण केली. त्यानंतर लांब पल्ल्याच्या सायकलिंगविषयी महाराष्ट्रात मोठे कुतूहल निर्माण झाले. २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे अनेक शहरांतून होऊ लागल्या. नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी येऊ लागली. पुण्यात शशिशेखर पाठक यांनी 'बांबूची' या नावाने बांबूच्या फ्रेमच्या सायकली हाताने बांधल्या. या वातावरणात फ्रेम एकीकडून, चाके दुसरीकडून, हँडल तिसरीकडून आणि ब्रेक चौथीकडून मागवून सायकल जुळवणारा एक वर्ग लहान शहरांतही तयार झाला आहे.

कारखान्यात बांधलेल्या सायकलीत भाग एकमेकांस जुळतात की नाही याची जबाबदारी उत्पादकाची असते. जुळवलेल्या सायकलीत ती जबाबदारी नकळत ग्राहकावर येते. गियरमधील विसंगती फार तर त्रासदायक ठरते. ब्रेकमधील विसंगती जिवावर बेतू शकते. म्हणून या विषयाचे मराठीतून पद्धतशीर विवेचन होणे आवश्यक वाटते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) डिस्क ब्रेकवर प्रत्यक्षात किती बल येते, हे साध्या गणिताने स्पष्ट करणे.
२) लिव्हर व कॅलिपर यांच्या जोडीचे तत्त्व समजावून सांगणे.
३) फ्रेम, चिमटा, चाक व केबल यांचा निवडीशी असलेला संबंध दाखवणे.
४) सोलापूरसारख्या शहरातील वापरकर्त्यासाठी निवडीचा क्रम सुचवणे.

विवेचनासाठी शालेय भौतिकशास्त्रातील तरफ व घर्षण यांचे नियम, उत्पादकांनी प्रसिद्ध केलेली तांत्रिक वैशिष्ट्ये आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांचा आधार घेतला आहे. उदाहरणांतील आकडे तत्त्व स्पष्ट करण्यापुरते पूर्णांकात धरले आहेत. विजेवर चालणाऱ्या सायकलींचा विचार येथे केलेला नाही.

३. ब्रेकवर येणारा भार : काही मूलभूत आकडे

स्वार, सायकल व सामान मिळून वस्तुमान १०० किलोग्रॅम धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या अशा सायकलीची गतिज ऊर्जा सुमारे ३,५०० ज्यूल असते. थांबताना ही सर्व ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित व्हावी लागते. सपाट रस्त्यावर एवढे काम कोणताही बरा ब्रेक करतो. उताराचे गणित मात्र वेगळे आहे. हीच सायकल १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ९८,००० ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. त्यातील काही भाग हवेचा रोध घेतो. स्वार सावकाश उतरत असेल तर हवेचा वाटा कमी होतो आणि बहुतेक भार ब्रेकवर येतो. म्हणजे १०० मीटरचा उतार हा ताशी ३० किलोमीटरवरून जवळजवळ अठ्ठावीस वेळा पूर्ण थांबण्याइतका भार आहे.

सोलापूरची भूमी सपाट असल्याचा आपला समज पुणे, अक्कलकोट किंवा विजापूर रस्त्यापुरता बरोबर आहे. तुळजापूरकडे निघाल्यावर बालाघाटाची चढण लागते. नवरात्रात आणि कोजागरीला सोलापूरचे भाविक ज्या वाटेने पायी तुळजापूरला जातात, त्याच वाटेने सायकलस्वार परतताना घाट उतरतो. येथील ब्रेकची खरी परीक्षा याच उतारावर होते.

आता बलाचा विचार करू. तातडीने थांबताना गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे निम्मे मंदन मिळू शकते. त्याहून फार जास्त ब्रेक लावल्यास मागचे चाक उचलले जाऊन स्वार पुढे फेकला जाण्याचा संभव असतो. निम्म्या मंदनासाठी टायर व रस्ता यांमध्ये सुमारे ४९० न्यूटन बल लागते. चाकाची त्रिज्या ०.३४ मीटर धरल्यास सुमारे १६७ न्यूटन-मीटर आघूर्ण, म्हणजे चाकाचे फिरणे रोखणारी पीळशक्ती, ब्रेकने पुरवावी लागते.

रिमवर लागणारा ब्रेक चाकाच्या जवळजवळ कडेला पकड घेतो, म्हणून त्याला साधारण ५४० न्यूटन घर्षणबल पुरते. १६० मिलिमीटर व्यासाच्या डिस्कवर पॅडची पकड केंद्रापासून सुमारे ७३ मिलिमीटरवर असते. तेथे तेवढ्याच आघूर्णासाठी सुमारे २,२८० न्यूटन घर्षणबल लागते, म्हणजे चौपटीहून अधिक. घर्षण गुणांक ०.४ धरला व डिस्कच्या दोन्ही बाजू विचारात घेतल्या, तर प्रत्येक पॅड सुमारे २,८५० न्यूटन बलाने दाबला गेला पाहिजे. हाताच्या बोटांचे बल सुमारे १०० न्यूटन. या शंभराचे अठ्ठावीसशे करण्याचे काम लिव्हर व कॅलिपर दोघे मिळून करतात. या दोघांत ते काम कसे वाटले जाते, हाच निवडीचा गाभा आहे.

४. यांत्रिक की द्रवचालित?

द्रवचालित डिस्क ब्रेकमध्ये नळीतील तेलाच्या दाबाने पॅड सरकतात. त्यात घर्षणाचा व्यय कमी असतो आणि पॅड झिजले तरी अंतर आपोआप भरून निघते. निव्वळ कार्यक्षमतेचा निकष लावला तर द्रवचालित ब्रेक सरस आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आज नव्या महागड्या सायकलींत तेच प्रामुख्याने दिसतात.

परंतु जुळवलेल्या सायकलीसाठी दुरुस्तीची शक्यता हा स्वतंत्र निकष आहे. द्रवचालित ब्रेकमधील हवा काढण्यासाठी विशिष्ट पिचकारी, विशिष्ट जोडण्या आणि त्या उत्पादकाने सांगितलेलेच तेल लागते. खनिज तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट प्रकारचे द्रव घातल्यास रबरी कड्या खराब होतात. प्रवासात नळी तुटली तर मोहोळ, बार्शी किंवा नळदुर्गच्या सायकल दुकानात उपाय मिळेलच असे नाही. यांत्रिक डिस्क ब्रेकची तार मात्र जवळजवळ कोणत्याही दुकानात मिळते आणि पान्याच्या साहाय्याने रस्त्याच्या कडेलाही बदलता येते.

रिमवरील ब्रेकच्या तुलनेत डिस्कचे स्थानिक लाभही आहेत. पावसाळ्यात येथील काळी माती टायरला चिकटून रिम माखवते आणि रबराची पकड जाते. डिस्क जमिनीपासून उंच असल्याने तिच्यावर याचा परिणाम कमी होतो. खड्ड्याने रिम थोडी वाकली तरी डिस्क ब्रेकचे काम अबाधित राहते. म्हणून सोलापूरहून बाहेर पडणाऱ्या, लांब जाणाऱ्या व स्वतः देखभाल करणाऱ्या सायकलस्वारासाठी यांत्रिक डिस्क ब्रेक हा योग्य मध्यममार्ग ठरतो. मात्र त्याची जोडी नीट जमली पाहिजे.

५. लिव्हर व कॅलिपर यांची जोडी

ब्रेकचा लिव्हर ही तरफ आहे. बोटे जेथे दाब देतात ते अंतर आणि केबलचे टोक जेथे अडकते ते अंतर, ही दोन्ही लिव्हरच्या खिळीपासून मोजायची. पहिल्यास दुसऱ्याने भागले की यांत्रिक फायदा मिळतो. केबल खिळीच्या जवळ अडकवली तर बल अधिक मिळते, पण केबल थोडी ओढली जाते. ती खिळीपासून दूर अडकवली तर केबल जास्त ओढली जाते, पण बल कमी होते. बल आणि अंतर दोन्ही एकाच वेळी वाढवता येत नाहीत.

या भेदावरून लिव्हरचे दोन वर्ग पडतात. रस्त्यावरील सायकलींच्या वाकड्या हँडलवरचे बहुतेक लिव्हर आखूड ओढीचे असतात. पर्वतीय सायकलींच्या सरळ हँडलवरचे, म्हणजे 'व्ही-ब्रेक'साठी बनवलेले लिव्हर लांब ओढीचे असतात. कॅलिपरही याच दोन वर्गांत बनतात. आखूड ओढीच्या कॅलिपरची भुजा थोड्या केबलने पुरेशी फिरते, लांब ओढीच्या कॅलिपरला जास्त केबल लागते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन्ही लिव्हरवर बोटे खिळीपासून ८० मिलिमीटरवर आहेत आणि हँडलला टेकेपर्यंत बोटे ४० मिलिमीटर सरकतात असे धरू. आखूड ओढीच्या लिव्हरमध्ये केबल २० मिलिमीटरवर अडकते. त्याचा यांत्रिक फायदा ४ होतो व केबल १० मिलिमीटर ओढली जाते. लांब ओढीच्या लिव्हरमध्ये केबल ३२ मिलिमीटरवर अडकते. त्याचा यांत्रिक फायदा २.५ होतो व केबल १६ मिलिमीटर ओढली जाते. पूर्ण पकडीसाठी आखूड ओढीच्या कॅलिपरला ८ मिलिमीटर आणि लांब ओढीच्या कॅलिपरला १३ मिलिमीटर केबल लागते असे समजू. यातून चार जोड्या संभवतात.

१) आखूड लिव्हर व आखूड कॅलिपर : १० पैकी ८ मिलिमीटर वापरले जातात. जोडी योग्य.

२) लांब लिव्हर व लांब कॅलिपर : १६ पैकी १३ मिलिमीटर वापरले जातात. जोडी योग्य.

३) लांब लिव्हर व आखूड कॅलिपर : पॅड झटकन डिस्कला लागतात, लिव्हर दगडासारखा कडक वाटतो. केबलमधील बल मात्र योग्य जोडीच्या तुलनेत सुमारे ३७ टक्क्यांनी कमी असते. ग्राहकाला 'ब्रेक कडक आहे, म्हणजे चांगला आहे' असे वाटते. प्रत्यक्षात थांबण्यासाठी हातावर फार जोर द्यावा लागतो.

४) आखूड लिव्हर व लांब कॅलिपर : हवे १३ मिलिमीटर, मिळतात १०. पूर्ण पकड येण्यापूर्वीच लिव्हर हँडलला टेकतो. त्यापुढे कितीही जोर लावला तरी तो हँडलवर जातो, डिस्कवर जात नाही.

चौथी जोडी सर्वांत घातक आहे, कारण दुकानासमोरच्या सपाट जागेत ती चांगली वाटते. हळू वेगात हलका दाब पुरतो आणि लिव्हर मऊ, सुखद लागतो. प्रस्तुत लेखकाने स्वतःची पहिली सायकल जुळवताना वाकड्या हँडलबरोबर आलेले आखूड ओढीचे लिव्हर आणि सवलतीत मिळालेले पर्वतीय सायकलीचे कॅलिपर एकत्र केले होते. शहरात दोन महिने काही जाणवले नाही. तुळजापूरहून उतरताना वळणावर उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर पुढे आला. दोन्ही लिव्हर हँडलला टेकले आणि वेग मात्र पुरता उतरला नाही. रस्त्याच्या कडेच्या मुरमात सायकल घालून आणि बुटांचे तळवे घासून ती थांबवावी लागली. नंतर ज्यांना ज्यांना दाखवले, त्या सर्वांनी 'केबल आवळा' हाच सल्ला दिला. केबल आवळली तर डिस्क घासू लागे, सैल केली तर लिव्हर टेके. दोष बसवणुकीत नव्हता, जोडीत होता. म्हणून तो कोणत्याही पान्याने सुटणारा नव्हता. लिव्हर बदलल्यावर तेच कॅलिपर उत्तम चालू लागले.

घरी असलेल्या लिव्हरचा वर्ग ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे खिळीच्या मध्यापासून केबलच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजणे. ते साधारण २० ते २५ मिलिमीटर असेल तर लिव्हर आखूड ओढीचा, ३० मिलिमीटर किंवा अधिक असेल तर लांब ओढीचा समजावा. काही सरळ हँडलच्या लिव्हरांत केबल अडकवण्याच्या दोन जागा असतात व त्यांचा वर्ग बदलता येतो. असा लिव्हर घेतल्यास जागा योग्य बाजूस असल्याची खात्री करावी.

६. कॅलिपरची निवड

बाजारातील बरेचसे नामांकित यांत्रिक कॅलिपर दोन्ही वर्गांत मिळतात, आणि नावातील लहानसा फरक वर्ग दाखवतो. ॲव्हिड ही नाममुद्रा २००४ पासून स्रॅम कंपनीकडे आहे. तिचा 'बीबी ७' हा कॅलिपर 'माउंटन' व 'रोड' अशा दोन रूपांत निघाला. पहिला लांब ओढीचा, दुसरा आखूड ओढीचा. दोन्ही दिसायला सारखे असल्याने छायाचित्र पाहून मागवणाऱ्याची गफलत होते. तैवानच्या टेक्ट्रो कंपनीच्या टीआरपी या नाममुद्रेचा 'स्पायर' आखूड ओढीचा, तर 'स्पाइक' लांब ओढीचा आहे. अमेरिकेतील पॉल कंपनीच्या 'क्लॅम्पर'ला वेगवेगळ्या ओढीच्या भुजा मिळतात.

ज्याला वाकडे हँडल हवे आहे पण हाताशी लांब ओढीचे कॅलिपर आहेत, त्याच्यासाठी टेक्ट्रोचा 'आरएल ५२०' हा वाकड्या हँडलचा लांब ओढीचा लिव्हर उपयोगी ठरतो. त्याच कंपनीचा 'आरएल ३४०' दिसायला त्याच्या जवळचा पण आखूड ओढीचा आहे. गियर व ब्रेक एकत्र असलेले वाकड्या हँडलचे लिव्हर लांब ओढीत सहसा मिळत नाहीत. तेव्हा असे लिव्हर ठरले असतील तर कॅलिपर आखूड ओढीचाच घ्यावा.

ओढीनंतरचा दुसरा निकष म्हणजे एक पॅड हलतो की दोन. 'बीबी ७' सारख्या रचनेत बाहेरचा पॅड हलतो, आतला स्थिर असतो. ब्रेक लावल्यावर डिस्क किंचित वाकून स्थिर पॅडला टेकते. म्हणून स्थिर पॅड डिस्कच्या अगदी जवळ ठेवावा लागतो. त्यासाठी दिलेल्या चकत्या हाताने फिरवता येतात, हा प्रवासात मोठा लाभ आहे. 'स्पायर' व 'स्पाइक' यांत दोन्ही पॅड सारखे सरकतात. डिस्क वाकत नाही, पण पॅडचे समायोजन लहान ॲलन-कीने करावे लागते. दोन्ही रचना स्वीकारार्ह आहेत.

पॅड दोन प्रकारचे मिळतात. राळयुक्त पॅड शांत असतात व लवकर पकड घेतात, पण चिखलात लवकर झिजतात. धातुभुकटीचे पॅड उष्णता व माती अधिक सोसतात, मात्र आवाज करतात. काही स्वस्त डिस्कवर केवळ राळयुक्त पॅड वापरण्याची सूचना कोरलेली असते. अशा डिस्कवर धातूचे पॅड वापरू नयेत.

७. फ्रेम, चिमटा, चाक व डिस्क

कॅलिपर बसवण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. 'इंटरनॅशनल स्टँडर्ड' पद्धतीत बोल्ट धुरीला समांतर जातात व छिद्रांतील अंतर ५१ मिलिमीटर असते. 'पोस्ट माउंट' पद्धतीत अंतर ७४ मिलिमीटर असून बोल्ट चाकाच्या प्रतलाला समांतर जातात. 'फ्लॅट माउंट' ही शिमानोने पुढे आणलेली पद्धत रस्त्यावरील सायकलींत दिसते. पहिल्या दोहोंमध्ये ॲडॅप्टर वापरून बराच मेळ घालता येतो. तिसरीसाठी शक्यतो त्याच पद्धतीचा कॅलिपर घ्यावा.

याहून महत्त्वाची बाब चिमट्याच्या मजबुतीची आहे. रिमवरील ब्रेकचा भार चिमट्याच्या वरच्या टोकाशी येतो. डिस्कचा भार मात्र एकाच पायाच्या खालच्या टोकाशी येतो. त्यामुळे डिस्कसाठी न बनवलेल्या जुन्या चिमट्यावर वेल्डिंगने पट्टी जोडून कॅलिपर बसवणे अत्यंत धोक्याचे आहे. तसेच डिस्क ब्रेक लावताना पुढच्या चाकाची धुरी खाचेतून बाहेर ढकलली जाऊ शकते, याकडे ब्रिटिश संशोधक जेम्स ॲनन यांनी २००३ च्या सुमारास लक्ष वेधले. खाच सरळ खाली उघडणारी असेल तर क्विक-रिलीज घट्ट आवळणे आणि चिमट्याच्या टोकाचे सुरक्षा-ओठ कानशीने घासून न टाकणे, ही किमान दक्षता होय. आरपार धुरीचा चिमटा मिळत असल्यास तो उत्तम.

चाक बांधताना आऱ्या एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या असाव्यात. डिस्कचे आघूर्ण हबमधून रिमपर्यंत आऱ्यांतूनच जाते. सरळ त्रिज्येप्रमाणे लावलेल्या आऱ्या हे काम करू शकत नाहीत. हब सहा बोल्टचा की शिमानोच्या दातेरी पद्धतीचा, हे डिस्क घेण्यापूर्वी पाहावे. दातेरी हबवर ॲडॅप्टरने सहा बोल्टची डिस्क बसते, उलट मात्र होत नाही.

डिस्कचा व्यास १६० वरून १८० मिलिमीटर केल्यास त्याच मंदनासाठी लागणारे बल सुमारे १२ टक्क्यांनी कमी होते आणि उष्णता पसरण्यास अधिक धातू मिळतो. सामान लादून घाट उतरणाऱ्याने पुढे १८० व मागे १६० असा विचार करावा. मात्र फ्रेम वा चिमट्याच्या उत्पादकाने दिलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. मोठी डिस्क म्हणजे चिमट्यावर मोठा भार येण्याची शक्यता, हे विसरता कामा नये.

८. केबल : दुर्लक्षित दुवा

चांगला लिव्हर व चांगला कॅलिपर घेऊनही ब्रेक स्पंजासारखा लागतो, तेव्हा दोष बहुधा आउटरमध्ये असतो. मागच्या कॅलिपरपर्यंतचा आउटर लांब असतो आणि ओढीखाली तो दबतो. लिव्हरने ओढलेल्या केबलचा काही भाग त्या दबण्यातच खर्च होतो. म्हणून ब्रेकसाठी बनवलेला, न दबणारा आउटर निदान मागच्या ब्रेकला वापरावा.

येथे एक सूचना ठळकपणे द्यावीशी वाटते. गियरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने असतात व तो कमी दबतो. हे पाहून काही जण तोच ब्रेकला लावतात. ब्रेकच्या ओढीखाली हा आउटर फाटू शकतो आणि तसे झाल्यास ब्रेक क्षणात निकामी होतो. गियरचा आउटर ब्रेकला कधीही लावू नये.

आतील तारेच्या टोकाचे शिसे सरळ हँडलसाठी दंडगोल, तर वाकड्या हँडलसाठी नासपतीच्या आकाराचे असते. आपल्याकडील लहान दुकानांत दंडगोल टोकाची तार सहज मिळते. वाकडे हँडल वापरणाऱ्याने दुसऱ्या प्रकारची एक तार पिशवीत बाळगावी. उन्हाळ्यातील धूळ आउटरमध्ये शिरून तार जड होते. कॅलिपरपर्यंत अखंड आउटर नेल्यास हा त्रास बराच कमी होतो.

९. बसवणूक व देखभाल

आपल्याकडे उजवा लिव्हर पुढच्या ब्रेकसाठी असण्याचा प्रघात आहे. मोटारसायकलींतही तेच आढळते. परदेशातून आलेल्या काही सायकलींत मात्र हे उलट असते. जुळवताना आपल्या हाताच्या सवयीप्रमाणेच जोडणी करावी. संकटाच्या क्षणी हात विचार करत नाही.

नव्या पॅडना घासून बसवावे लागते. ताशी सुमारे २० किलोमीटर वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक न अडकवता, वीसेक वेळा वेग कमी करावा. त्याने पॅडच्या द्रव्याचा पातळ थर डिस्कवर बसतो व पकड वाढते. पॅड झिजल्यावर अंतर पॅडच्या समायोजकाने भरून काढावे. केवळ केबलचा बॅरल फिरवून भुजा आधीच ओढून ठेवल्यास तिचा उरलेला प्रवास कमी होतो.

सायकल धुताना चेन व हब डिझेलने किंवा रॉकेलने साफ करण्याची पद्धत आपल्या दुकानांतून सर्रास आहे. रिम ब्रेकच्या काळात ती खपून जात असे. डिस्कवर मात्र तेलाचे शिंतोडे उडाले की पॅड ते शोषून घेतात आणि बहुधा बदलावेच लागतात. सायकल दुरुस्तीस देताना चाके काढून ठेवावीत, किंवा डिस्क झाकण्यास सांगावे.

१०. निवडीचा सुचवलेला क्रम

१) फ्रेम व चिमटा डिस्कसाठी बनवलेले आहेत का, जोडणीची पद्धत कोणती व कमाल डिस्क किती, हे प्रथम पाहावे.
२) हँडल सरळ की वाकडे, हे शरीराच्या सोयीनुसार ठरवावे.
३) त्यानुसार लिव्हर निवडून त्याची ओढ मोजावी.
४) त्याच ओढीचा कॅलिपर घ्यावा. नावातील 'रोड' वा 'माउंटन' हा शब्द वाचूनच मागणी नोंदवावी.
५) हबनुसार डिस्क व डिस्कनुसार पॅड घ्यावेत.
६) ब्रेकचाच, न दबणारा आउटर घ्यावा. खर्च कमी करायचा असल्यास कॅलिपरमध्ये करावा, आउटरमध्ये नाही.
७) पूर्ण बसवणूक झाल्यावर लिव्हर सर्व शक्तीनिशी दाबून पाहावा. तो हँडलला टेकत असेल आणि पॅडचे अंतर, आउटर व तारेची पकड योग्य असतील, तर केबल आवळत न बसता जोडी तपासावी. तोवर उतारावर जाऊ नये.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की यांत्रिक डिस्क ब्रेकची गुणवत्ता एखाद्या भागाच्या किमतीवर अवलंबून नसते. बोटापासून डिस्कपर्यंतच्या तरफमालिकेतील मेळावर ती अवलंबून असते. शंभर न्यूटनचे अठ्ठावीसशे न्यूटन करणे हे त्या मालिकेचे काम आहे आणि तिच्यातील एक दुवा विसंगत असल्यास उरलेले उत्तम दुवे निरुपयोगी होतात. मध्यम किमतीची जुळणारी जोडी ही महागड्या पण न जुळणाऱ्या जोडीपेक्षा निश्चितपणे सुरक्षित आहे.

सोलापूरसारख्या शहरात यांत्रिक ब्रेकची निवड दुरुस्तीच्या सोयीमुळे समर्थनीय ठरते. परंतु येथील कारागिरांपर्यंत ओढीच्या वर्गांची माहिती मराठीतून पोहोचणे गरजेचे आहे. आपले सायकल कारागीर हाताने कुशल आहेत. सळ्यांचे ब्रेक त्यांनी डोळे मिटून जुळवले, कारण त्यात जोडीचा प्रश्नच नव्हता. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालयांचे भौतिकशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन एखादी एकदिवसीय कार्यशाळा घेतली, तरी हे अंतर बऱ्याच अंशी भरून निघेल. तरफेचा नियम शाळेत सर्वांनी पाठ केलेला असतो. तो सायकलच्या हँडलवरही लागू आहे एवढे लक्षात आले, तरी घाटातील एखादा अपघात टळू शकेल.